वाळलेली कण्हेर

देवळी गावातल्या आमच्या घरात कामांची यादी करणारी मी एकटीच होते. बाबांचं दुकान बाजारात होतं. दोर, बादल्या, फावडी, कंदिलाच्या काचा, कुलपं असा माल, आणि कुठलं काय कुठे ठेवलंय ते फक्त बाबांच्या डोक्यात. आईचा स्वयंपाकही तसाच डोक्यातून चाले. कढी उकळायला लागली की तिला आठवायचं, गोळ्यांसाठी डाळ भिजवायची राहिली. मग तिचा ओरडा, शेजारी वाटीभर डाळ मागायला माझी धाव, आणि परत येईपर्यंत कढीचं पाणी झालेलं. या सगळ्याला कंटाळून मी शाळेच्या वहीची उरलेली पानं फाडून, दोऱ्याने शिवून एक वही केली. तिच्यात रोजची कामं लिहायची आणि झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करायची. घरात सगळे हसायचे. आत्या हसायची नाही. ती म्हणायची, "शैला, माझंही एक काम लिहून घे," आणि मी लिहायचे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, कमल. ती हिंगणीच्या सासरहून आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. का आली ते मी इथे लिहीत नाही, ती तिची गोष्ट आहे. तिच्या हातात पत्र्याची एक पेटी होती आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या सहा काड्या. आईला वाटलं, दातणं आणली. त्या कण्हेरीच्या काड्या होत्या, वीतभर लांबीच्या, बोटाएवढ्या जाड. आत्याने त्यांची खालची पानं काढली, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांमध्ये पाणी भरलं, प्रत्येकीत एक काडी उभी केली आणि बाटल्या मागच्या ओट्यावर सावलीत मांडल्या. तीन-साडेतीन आठवड्यांनी पांढऱ्या मुळ्या सुटल्या. मग तिने बाबांना विचारलं, "भाऊ, मागच्या कुंपणाजवळची पट्टी मले देता का?" भावाच्या घरात तिने मागितलेली ती पहिली वस्तू, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचीही. ती पट्टी कोणालाच नको होती. काळी माती, मधे चुनखडीचे खडे, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. आईने तिथे दोनदा वांगी लावून पाहिली होती. वांगी गेली, आईचा उत्साहही गेला.

मला आजही लोक विचारतात, कमी कष्टात काय लावू? मी कण्हेरच सांगते. ऊन भरपूर हवं, पाणी साचायला नको. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी द्यायचं, पुढे झाडाचं झाड पाहून घेतं. खत घातलं नाही तरी रुसत नाही. वैशाखात आमच्याकडे डांबर चपलेला चिकटतं, कडुनिंबाशिवाय बाकी सगळं करपतं, तेव्हा कण्हेर गुलाबी फुलांनी लवलेली असते. वर्षातून एकदा छाटणी, तीही फाल्गुनात, म्हणजे नवीन फुटव्यावर उन्हाळाभर फुलं येतात. एवढंच. पण यातलं एक वाक्य मी प्रत्येकाला दोनदा ऐकवते. झाड विषारी आहे. पान, फूल, काडी, चीक, सगळं. हातमोजे घाला, छाटलेलं जाळू नका, कारण धूरही वाईट, आणि छाटलेलं जमिनीवर ठेवू नका. हे शेवटचं मी कशी शिकले ते सांगायला हे प्रकरण आहे.

आत्याची सहाही झाडं जगली आणि तीन-चार वर्षांत पुरुषभर उंच झाली. कुंपणापलीकडे गिरजाबाई राहायच्या. एकट्या बाई, दणदणीत आवाज, अंगणात तीन-चार बकऱ्या. दोन घरांमध्ये बोराटीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि ते दर पावसाळ्यात कुठेतरी बसायचं. सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत पहिला आवाज गिरजाबाईंच्या बकरीच्या घंटीचा, दुसरा त्यांच्या तांब्याचा. मग कुंपणावरून त्यांचा हात यायचा, बांगड्यांसकट, आणि कण्हेरीची पाच-सात फुलं तोडून परत जायचा. महादेवाला वाहायला. विचारायची पद्धत नव्हती. आई आतून म्हणायची, "गिरजाबाई, झाड आमचं आणि पुण्य तुमचं का व?" पलीकडून उत्तर यायचं, "अवो, अर्धं पुन्य ठेवलं हाय तुमच्यासाठी, घेऊन जाजो कवाही!" आत्या मात्र तो हात येईपर्यंत स्वतःच्या पूजेची फुलं तोडत नसे. एकदा गिरजाबाई आठ दिवस मुलीकडे गेल्या, तर आत्या रोज कुंपणापाशी उगाच झाडू मारत उभी राहायची.

बकऱ्या आणि कण्हेर शेजारीशेजारी, याची भीती कोणाला नव्हती. उलट तोच त्या झाडाचा गुण समजला जाई. ढोर कण्हेरीला तोंड लावत नाही, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. ते खरंही आहे. ओल्या पानाला इतका कडवट चीक असतो की बकरी हुंगते आणि मान फिरवते. गिरजाबाईंची चंदी नावाची पांढरी बकरी तर आईची मेथी खायला कुंपणातून घुसायची, तेव्हा कण्हेरीच्या खोडाला अंग घासून पुढे जायची, पण एक पान तोडायची नाही.

मी तेरा वर्षांची होते त्या वर्षीचा फाल्गुन. चंदीने आठ दिवसांपूर्वी दोन पिल्लं दिली होती आणि तिची भूक वाढली होती. कुंपणाला फट पडली होती, तिथून येऊन तिने मेथीचा वाफा साफ केला. आईने मला सांगितलं, "बाभळीच्या काट्या आण आणि ती फट बुजव." त्याच दिवशी आत्याने कण्हेरीची छाटणी केली. हाताला जुन्या पिशव्या बांधून तिने सहाही झाडं छातीपर्यंत खाली आणली आणि फांद्यांचा ढीग माझ्यापुढे ठेवला. "गुडघाभर खड्डा कर नि सगळं पुरून टाक. पानही वर राहू नको देऊ. चुलीत घालायचं नाही, होळीतही द्यायचं नाही." मी वहीत दोन कामं लिहिली. एक, फांद्या पुरणे. दोन, कुंपणाची फट.

खड्डा करायला घेतला. फाल्गुनातली आमची माती म्हणजे वीट. फावडं टणकन वाजून परत यायचं. वीतभर खणेपर्यंत हाताला फोड आले. बाभळीच्या काट्या आणायला नाल्यापर्यंत जायचं होतं ते वेगळंच. मी फांद्यांच्या ढिगाकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं, आणि मला सुचलं. ढोर कण्हेरीला तोंड लावत नाही. मग कण्हेरीच्याच फांद्या फटीत खोसल्या तर? काटे टोचायचे नाहीत, खड्डा करायला नको, नाल्यावर जायला नको. सुतळीने तीन भारे बांधले, फटीत आडवे ठोकून बसवले. काम इतकं नीट झालं की मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग वहीत दोन्ही कामांपुढे खूण केली. वीतभर खड्डा मातीने बुजवून वरून पायाने दाबला.

संध्याकाळी आत्याने विचारलं, "पुरल्या?"

"हो," मी म्हणाले.

खोटं बोलते आहे असं तेव्हा वाटलंच नाही. काम झालं होतं, नुसती जागा वेगळी होती. दोन दिवसांनी होळीसाठी लाकडं गोळा करणारी पोरं दारात आली आणि त्या भाऱ्यांकडे बोट दाखवू लागली, तर मीच त्यांना हाकललं. "कण्हेर जाळत नाही, माहीत नाही का?" इतकी मी शहाणी.

होळी झाली, पुरणपोळ्या झाल्या, रंग झाला. ऊन एकदम चढलं. रंगाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाईंची हाक आली. नेहमीची नाही. "अवो कमलबाई! या व इकडं, माही चंदी पाहा कशी करून राह्यली!" आम्ही सगळ्या धावलो. चंदी पडवीत आडवी पडली होती. तोंडातून लाळ, पोट फुगलेलं, पाय झाडत होती. कान हाताला थंडगार लागले, त्या उन्हात. पिल्लं तिच्या आचळांशी ढुसण्या देत होती. कोणीतरी सायकलवरून जाऊन ढोरांच्या डॉक्टरांना घेऊन आलं. त्यांनी छातीला कान लावला, तोंड उघडून आत बोट फिरवलं आणि दाढेतून एक अर्धवट चावलेलं लांबट पान काढलं. वाळलेलं, करड्या रंगाचं.

"कण्हेर खाल्ली हिने," ते म्हणाले.

"काहून खाईन? बकरी कधी कन्हेर खाते का, डाक्टर?" गिरजाबाई त्यांच्यावरच चिडल्या.

"ओली नाही खात, बाई. वाळली की कडूपणा कमी होतो. विष कमी नाही होत." त्यांनी सुई दिली, काहीतरी पाजलं आणि पिल्लांना आधी बाजूला करायला सांगितलं, हिचं दूध त्यांना नको. जाताना म्हणाले, "मी केलं तेवढं केलं. आशा फार धरू नका."

गिरजाबाई उठल्या आणि सरळ कुंपणापाशी गेल्या. त्यांच्या बाजूने भारे अर्धे कुरतडलेले होते. एक काडी ओढून काढून त्यांनी विचारलं, "हे कोनं खोसलं इथी?"

आत्या पुढे झाली. तिने त्या काडीकडे पाहिलं, सुतळीच्या गाठीकडे पाहिलं. ती गाठ तिनेच मला शिकवलेली होती. मग एकदाच माझ्याकडे पाहिलं. "मीच," ती म्हणाली. "माझ्याच हातून झालं, गिरजाबाई."

गिरजाबाईंनी काडी तिच्या पायाशी टाकली. "तुमाले तर सारं समजत होतं," एवढंच म्हणाल्या. चंदी सूर्य कलायच्या आत गेली.

त्या संध्याकाळी घरात पिठलं-भात होता. ताटात कोणीच नीट हात घातला नाही. बाबा म्हणाले, "शेजारणीची दुभती बकरी गेली, मागे दोन कोवळी पिल्लं. उद्या सकाळी दुकानातून कुदळ आणतो आणि साहीच्या साही झाडं मुळासकट काढतो. असलं जहर घरात ठेवायचंच कशाला?" आई म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं." तिने पहिल्या दिवशी फक्त दातणं आणली का एवढंच विचारलं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. आत्या भात कालवत राहिली. तिने ना झाडांसाठी शब्द टाकला, ना माझं नाव घेतलं. मीही गप्प बसले. आज हे लिहिताना ती गप्प बसलेली मुलगी मला बकरीच्या मरणापेक्षा जास्त टोचते. चुका सगळेच करतात. पण त्या घरात जिचं राहणं आधीच अवघडलेलं होतं, तिच्या माथी माझं काम गेलं होतं, आणि मी ते जाऊ दिलं.

सकाळी भोंगा झाला. कुंपणावरून हात आला नाही. बाबा कुदळ घेऊन परसात आले, तशी मी वही उचलली आणि पुढच्या दाराने फिरून गिरजाबाईंकडे गेले. त्या पिल्लांना वाटीने दूध पाजायचा खटाटोप करत होत्या आणि पिल्लं तोंड फिरवत होती.

"काय हाय व?"

मी वही पुढे केली.

"मले वाचता येत असतं तर काय पाह्यजे होतं. वाच तूच."

मी उभ्या-उभ्या वाचलं. "पाणी भरणे, झालं. बाबांचा डबा, झालं. कण्हेरीच्या फांद्या पुरणे, झालं. कुंपणाची फट बुजवणे, झालं." मग वहीत नव्हतं ते सांगितलं. पुरल्या नाहीत. फटीत मीच खोसल्या. आत्याला हो म्हणाले.

गिरजाबाईंनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता हात उठणार. "म्हंजे कमलबाई खोटं बोलली?"

"हो."

"आन तू बी."

"हो."

"चांगलं हाय तुमचं घर," त्या म्हणाल्या. पदर खोचला, माझं मनगट धरलं आणि मला ओढत आमच्या परसात घेऊन आल्या. बाबांची कुदळ पहिल्या झाडाच्या बुडाशी पडलीच होती. "थांबा भाऊ! कालची गोष्ट खोटी हाय. हे तुमच्या पोरीनं केलं. सांग व." मी परत सगळं सांगितलं, या वेळी बाबा, आई आणि आत्यासमोर. आईने कपाळाला हात लावला. बाबा कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. "तरी पण झाड धोक्याचंच," ते म्हणाले.

"धोक्याचं हायेच. पन तोडून माही चंदी येनार हाय का?" गिरजाबाई म्हणाल्या. "माह्या बकऱ्याइच्या तोंडापुढं नोको, बस. तिकडं सडकेच्या बाजूनं लावा. अन् खाली पडलेलं एक-एक पान माह्या डोळ्यादेखत पुरा. अन् ही पोरगी माह्या पिल्लाइले दूध पाजन, तीन टाइम. चारा खाऊ लागेपर्यंत. सुट्टी नाई, परीक्षा नाई, काई नाई."

त्या दिवशी आम्ही ते केलं. कण्हेर हलवायची तर आधी गुडघ्याएवढी ठेवून बाकी छाटायची, म्हणजे तुटलेल्या मुळांवर भार पडत नाही. फाल्गुन हा काही त्याचा उत्तम काळ नव्हे, पावसाच्या तोंडावर हलवलं तर सोपं जातं, पण आम्हाला निवड नव्हती. बाबांनी मुळांभोवती मातीसकट गड्डा सोडवला, मी आणि आत्याने पोत्यात धरून एकेक झाड पुढे नेलं. सहाही खड्डे मी खणले, आणि आधीच्या रात्रीच बादलीभर पाणी ओतून माती नरम करायची असते हे तेव्हा शिकले. गिरजाबाई खाट टाकून कुंपणाशी बसल्या होत्या. "ते पाहा, तिकडं एक पान राह्यलं. चश्मा लावून देऊ का तुले?" असं चाललं होतं. त्यांच्या आवाजात हसू नव्हतं, पण शिवीही नव्हती.

खड्ड्यात माती लोटताना मी आत्याला हळूच विचारलं, "तू काऊन म्हणाली मीच म्हणून?"

ती माती लोटत राहिली. "तुले विचारलं, पुरल्या का. तू हो म्हणाली. मी खड्डा पाहायले गेली का? नाही गेली. मग काम माझंच राहिलं की नाही?" थोड्या वेळाने म्हणाली, "वहीत खूण तू केली होती. पण पाहिल्याशिवाय मी मान डोलवली."

पुढे माझी सगळी नोकरी सेवाग्रामच्या दवाखान्यात भांडार सांभाळण्यात गेली. हाताखालच्या मुली वैतागायच्या, मॅडम आम्ही सांगितलं ना मोजलं म्हणून. मी उठून कपाटापर्यंत जायचेच. त्यांना वाटायचं, विश्वास नाही. विश्वासाचा प्रश्न नव्हता. पाहिलं नाही, तर काम माझंच राहतं.

पिल्लांना मी तीन वेळा दूध पाजलं. बाटलीला रबरी बूच, गाईचं कोमट दूध, पिल्लाची हनुवटी वर धरायची, घाई करायची नाही. पहिले दोन दिवस ती तोंड लावेनात, मग बाटली पाहून उड्या मारू लागली. शाळेतून येताना मला हाका मारायची. गिरजाबाई मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या, आणि आत्याशी तेवढंही नाही. कण्हेर पुढच्या बाजूला वैशाखभर काड्यांसारखी उभी होती. बाबा म्हणाले, गेली. आत्या भांडी विसळलेलं पाणी तेवढं एक दिवसाआड घालायची. मृगात बुडापासून लाल कोंब आले, आणि आषाढात चार-दोन फुलंही. ती फुलं आता सडकेकडे होती. आत्या ती तोडायची नाही. दुपारी ती कोमेजून खाली पडायची, मग आत्या ती वेचून पुरून टाकायची.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी वही घेऊन पुढच्या पायरीवर बसले होते. आत्या अंगण झाडत होती. फाटकाची कडी वाजली. गिरजाबाई हातात तांब्या घेऊन आत आल्या, मागे चंदीची दोन्ही पिल्लं दोरीने बांधलेली, चांगली हातभर वाढलेली. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. "धरजो घट्ट. झाडाजवळ नको येऊ देऊ." मग त्या कण्हेरीपाशी गेल्या, पाच-सात फुलं तोडली आणि तांब्यात टाकली.

आत्या झाडू धरून तशीच उभी होती.

"इकडं काऊन नेलं व झाड, कमलबाई?" गिरजाबाई म्हणाल्या. "आता मले रोज सारी गल्ली फिरून या लागन."

"तुम्हीच तर सांगितलं," आत्या म्हणाली.

"सांगितलं असन," त्या म्हणाल्या, आणि पिल्लं घेऊन गेल्या. कडी वाजली. मग आत्या वाकली, स्वतःच्या पूजेची फुलं तोडू लागली.